बाबांना शब्द सापडेनात : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात लकवा मारल्यावर वाचा जाते त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं येणार हे गृहीतच होतं, पण आलेल्यांतली बरीचशी पत्रं वेगळ्याच गोष्टीची निघाली. लकवा नाही, कुठे पडले नाहीत, डोक्याला मार नाही, आणि तरी माणसाची भाषा वर्ष-दोन वर्षांत हळूहळू कमी होत चाललीय. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देते. नावं काढलीयत, पत्रं थोडी छाटलीयत.

प्रश्न (सातारा) : ताई, माझे बाबा ६४ वर्षांचे, बँकेतून रिटायर झालेले. दीडेक वर्षापासून बोलताना मध्येच अडकतात. "ते हे दे गं, ते आपलं, पाणी प्यायचं", असं म्हणतात, पेला हा शब्दच येत नाही. कुणी मोबाईल नंबर सांगितला तर अर्धाच परत म्हणता येतो. पण बाकी सगळं ठणठणीत, गाडी चालवतात, शेअर बघतात, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं तेही आठवतं. एक डॉक्टर म्हणाले वय झालं, दुसऱ्यांनी डिप्रेशनची गोळी दिली, आणि नातेवाईक सगळे अल्झायमर म्हणून मोकळे झालेत. नक्की काय समजायचं?

उत्तर : पत्रावरून निदान होत नाही, ते मी करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका एवढं नक्की सांगेन.

मेंदूच्या काही आजारांत सगळ्यात आधी भाषाच पकडली जाते. स्मृती, हिशोब, रस्ते, माणसं ओळखणं हे सगळं सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असतं. याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात (अफेझिया म्हणजे मेंदूतल्या बिघाडाने भाषा जाणं), दवाखान्यात सगळे पीपीए म्हणतात तर आपणही तेच म्हणू. मार्सेल मेसुलम नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९८२ साली बोस्टनमध्ये असे सहा पेशंट एकत्र मांडले, ज्यांची भाषा वर्षानुवर्षं ढासळत होती पण ज्यांना नेहमीच्या अर्थाने डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज सगळीच ढासळणं, म्हणता येत नव्हतं. त्याआधी अशी माणसं नव्हती असं नाही, पण त्यांना कुठल्या खान्यात टाकायचं हेच डॉक्टरांना कळत नव्हतं. २०११ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी बसून तीन प्रकार ठरवले, ढोबळमानाने सांगायचं तर एकात शब्द वेळेवर सापडत नाही, दुसऱ्यात शब्दाचा अर्थच पुसला जातो आणि तिसऱ्यात व्याकरण आणि उच्चार मोडतात.

बाबांचं वर्णन पहिल्याच्या जवळ जातंय, त्याला लोगोपेनिक म्हणतात. त्यात शब्द अडतो, आणि ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणता येत नाही, म्हणून तो फोन नंबर. घरी एक करून बघा, सहज गप्पांत एक लांब वाक्य म्हणा, "काल रात्री पावसामुळे आमच्या गल्लीतली लाईट गेली म्हणून आम्ही मेणबत्ती लावून जेवलो", आणि त्यांना तसंच म्हणायला सांगा. अर्थ बरोबर पोचलेला असतो, "लाईट नव्हती, मेणबत्ती", पण वाक्य हातातून निसटतं. ही परीक्षा नाही बरं का, डॉक्टरांना नीट सांगता यावं म्हणून.

आता गंमत बघा, नातेवाईक अगदीच चुकलेले असतील असंही नाही. या लोगोपेनिक प्रकारात मेंदूत खाली जो बिघाड सापडतो तो बहुतेक वेळा अल्झायमरचाच असतो, फक्त त्याने नेहमीसारखी स्मृतीच्या भागापासून सुरुवात न करता डाव्या बाजूला कानाच्या वर-मागे जो भाषेचा भाग आहे तिथून केलेली असते. त्यामुळे "आठवण चांगली आहे म्हणजे अल्झायमर नाही" हे जितकं घाईचं, तितकंच "अल्झायमर आहे म्हणजे आता त्यांना काही समजत नाही" हेही.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. नेहमीची जी ३० मार्कांची स्मृतीची टेस्ट असते ती जवळजवळ सगळी बोलूनच द्यायची असते, त्यामुळे भाषा गेलेल्या माणसाचे मार्क खूप कमी येतात आणि आजार आहे त्यापेक्षा पुढे गेलाय असं वाटतं. आणि एमआरआयच्या रिपोर्टवर "वयानुसार ठीक" असं लिहून आलं तरी डावी आणि उजवी बाजू शेजारी ठेवून बघा अशी विनंती करा, सुरुवातीला फरक बारीक असतो, कधी तो एमआरआयवर दिसतही नाही आणि पेट स्कॅनवर दिसतो. बी-१२, थायरॉइड आणि कान हे तपासून घ्याच. कानाचं लोक विसरतात.

प्रश्न (पुणे) : सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. बोलणं एकदम फाडफाड, कुणाला काही कळणार नाही. पण परवा भाजी निवडताना त्यांच्या हातात मेथीची जुडी होती आणि मी म्हटलं, "आई, ती मेथी आधी धुवून घ्या", तर मला म्हणाल्या, "मेथी म्हणजे काय गं?" मला वाटलं चेष्टा करतायत. मग असंच "जिरं म्हणजे?", "मावसभाऊ म्हणजे कोण?" सुरू झालं. एकट्या लक्ष्मी रोडला जाऊन बरोबर परत येतात. हे कसलं विसरणं?

उत्तर : हे विसरणं नाहीये, म्हणजे आपण ज्याला विसरणं म्हणतो ते नाही. बाबांच्या पत्रात शब्द अडतो पण वस्तू काय आहे ते त्यांना पक्कं माहीत असतं, म्हणून तर ते "पाणी प्यायचं" म्हणतात. तुमच्या सासूबाईंकडे शब्द कानावर पडतोय, त्या तो स्वतः म्हणूनही दाखवतायत, पण त्याच्या मागे काही उरलेलंच नाही. "म्हणजे काय?" हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारतात ना, निरागसपणे, जणू परक्या गावातला शब्द ऐकला, ते या प्रकारात इतकं ठरलेलं आहे की जुने डॉक्टर खोलीबाहेरूनच ओळखतात.

१९७५ साली लंडनमध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी तीन पेशंट तपासून दाखवलं की माणसाची रोजच्या घडामोडींची आठवण वेगळी आणि जगाबद्दलचं ज्ञान, म्हणजे मेथी काय, हत्ती काय, हे वेगळं, आणि दुसरं एकटंच जाऊ शकतं. खरं तर प्रागमध्ये अरनॉल्ड पिक यांनी १८९२ मध्येच एका ७१ वर्षांच्या पेशंटचं वर्णन केलेलं आहे, ज्याची भाषा हळूहळू गेली होती आणि मृत्यूनंतर मेंदूची डावी बाजू आक्रसलेली दिसली होती. मधली जवळपास नव्वद वर्षं त्याकडे फारसं कुणी वळून बघितलं नाही, अल्झायमरच्या गाठी नि गुंत्यांनी सगळ्यांचं लक्ष वेधून घेतलं.

यात जातं काय तर मेंदूच्या डाव्या बाजूच्या टेम्पोरल, म्हणजे कानाजवळच्या, भागाचं पुढचं टोक. शब्द एकदम जात नाहीत, आधी बारीक आणि कमी वापरातले जातात. मोर, पोपट, बगळा सगळे "पक्षी" होतात, मग पक्षी आणि कुत्रा दोन्ही "ते, प्राणी", मग नुसतं "ते". व्याकरण मात्र शेवटपर्यंत छान, म्हणून शेजारी म्हणतात की यांना काही झालेलं नाही, सूनच काहीतरी काढतेय. (हे वाक्य तुमच्या पत्रात होतं, मी छाटलं, पण वाचलं.)

पुढे पुढे नुसता शब्द नाही तर वस्तूही अनोळखी होते. म्हणून आत्ताच स्वयंपाकघर आणि बाथरूम बघा, फिनेल, ॲसिड, उंदराचं औषध हे तेलाच्या किंवा सरबताच्या बाटलीसारख्या बाटलीत अजिबात नको, किंबहुना त्यांच्या हाताला लागेल असं कुठेच नको. आजार उजव्या बाजूला सरकला की ओळखीचे चेहरे अनोळखी होतात, हट्टीपणा येतो, ठरावीक वेळी ठरावीकच पदार्थ खायचे असं सुरू होतं, गोड खाणं वाढतं. तो स्वभाव नव्हे, आजारच.

शब्द परत शिकवता येतात का? थोडे येतात. त्यांच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो, त्यांचीच मेथी, त्यांचाच डबा, रोज थोडा वेळ. पण सराव थांबला की ते जातात, आणि तुमच्या फोटोतला डबा शिकला म्हणून दुकानातला डबा ओळखतील असं नसतं. तेव्हा रोज लागणारे मोजकेच शब्द निवडा, फुलांची नि पक्ष्यांची नावं पाठ करून घेण्यात कुणाचा जीव काढू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : ताई, मी भाषाशास्त्रात एमए करतोय. माझ्या आजोबांना पीपीए होता, त्यामुळे हाच विषय घ्यायचाय. पण शोधायला गेलं की सगळं इंग्रजीवर. मराठीत यावर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करू? टेस्ट भाषांतर करून घेतल्या तर चालतील का?

उत्तर : नाही चालणार, आणि का नाही हेच तुझ्या रिसर्चचं पहिलं प्रकरण होऊ शकतं, त्यामुळे जरा पसरून लिहिते.

चित्र दाखवून नाव विचारायची एक टेस्ट जगभर वापरली जाते, बोस्टन नेमिंग टेस्ट, ६० चित्रं. त्यात बीव्हर आहे, इग्लू आहे, ॲस्परॅगस आहे, प्रेट्झेल आहे. आता गडहिंग्लजच्या ७० वर्षांच्या शेतकऱ्याला बीव्हर दाखवला आणि तो "मोठा उंदीर" म्हणाला तर भाषा कोणाची कमी? म्हणून शब्द बदलावेच लागतात, पण नुसते बदलूनही भागत नाही. समजा तू सूप, रवी, विळी, परात, रोळी, जातं अशी चित्रं घेतलीस. आजींना सगळी येतील, पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेल्या पन्नाशीच्या बाईला रोळी येणार नाही, आणि तिला आजार काहीही नाहीये. म्हणून आधी धडधाकट माणसांवर टेस्ट घ्यायची, वय, शिक्षण, गाव-शहर, जिल्हा असं वेगवेगळं करून, आणि कोणत्या गटात कुठली चित्रं किती जणांना येतात ते बघून मग पेशंटकडे जायचं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात पेपर लवकर निघत नाही, आणि नेमकं त्यामुळेच ते कुणी करत नाही. तुझ्यासारख्याने एमएच्या प्रबंधात एवढं एकच केलं तरी मी तुला पेढे देईन.

अर्थाच्या टेस्टचंही तसंच. इंग्रजीत वर पिरॅमिड दाखवतात, खाली पामचं झाड आणि पाईनचं झाड, कोणतं जुळतं ते बोटाने दाखवायचं, म्हणजे बोलायचीही गरज नाही. आपल्याकडे वर विठोबा आणि खाली तुळस नि बेलाचं पान असं घेता येईल, सुंदर जमतं, पण मिरजेतल्या मुसलमान पेशंटला किंवा वसईच्या ख्रिस्ती आजींना ते विचारणं अन्याय आहे, आणि मराठी त्यांचीही भाषा आहे. तेव्हा जातं नि ज्वारी असलं काहीतरी बघ.

व्याकरणाकडे ये, खरी मजा तिथे आहे. तिसऱ्या प्रकारात, ज्याला नॉनफ्लुएंट म्हणतात, इंग्रजी बोलणारे पेशंट छोटे छोटे प्रत्यय नि शब्द गाळतात आणि वाक्य जुन्या टपालाच्या तारेसारखं तुटक होतं. मराठीत क्रियापदाला काहीतरी शेपूट लावल्याशिवाय ते तोंडातून बाहेरच पडत नाही, मग गाळणार काय? ज्या भाषांत प्रत्यय भरपूर असतात तिथे पेशंट प्रत्यय गाळण्यापेक्षा चुकीचा लावतात असं लकव्यानंतरच्या अफेझियावरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. मग "मुलाने पोळी खाल्ली" च्या जागी "मुलगा पोळी खाल्ला" येईल का, "आंबा खाल्ली" येईल का, की माणूस अशी वाक्यं टाळून सगळं "खातोय, जातोय" मध्येच बोलेल? हे मोजण्यासारखं आहे. २०२० मध्ये मिलान आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी मिळून इंग्रजी नि इटालियन बोलणारे याच प्रकारचे पेशंट शेजारी ठेवून बघितले. मेंदूतला बिघाड साधारण सारखा, पण इंग्रजीवाल्यांचा उच्चार जास्त मोडलेला आणि इटालियनवाल्यांची वाक्यरचना जास्त सोपी झालेली. म्हणजे आजार एकच, पण भाषा जिथे अवघड तिथे तो बाहेर दिसतो. मराठीत तो कुठे दिसेल हा प्रश्न तुझी वाट बघतोय.

आता तू कोल्हापूरचा आहेस म्हणून एक खास. तुमच्याकडे बायका सर्रास "मी जातो, मी करतो" म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेला परीक्षक ते ऐकून लिंगाची चूक म्हणून लिहून ठेवेल आणि एका धडधाकट बाईला व्याकरणदोष चिकटेल. म्हणून घरच्यांना आधी विचारायचं, "या पूर्वी कशा बोलायच्या?" जुनं लग्नाचं व्हिडिओ शूटिंग, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, पत्रं, हिशोबाच्या वह्या, जे मिळेल ते माग. माणसाची तुलना आधी त्याच्याच जुन्या बोलण्याशी, मग इतरांशी. लंडनला पीटर गॅरार्ड यांनी २००५ मध्ये आयरिस मर्डॉक या कादंबरीकार बाईंच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि १९९५ च्या शेवटच्या कादंबरीतले शब्द असेच मोजले होते. त्यांना पुढे अल्झायमर निघाला. शेवटच्या कादंबरीत वाक्यरचना फारशी बदललेली नव्हती पण शब्दसंग्रह आकसला होता, आणि ती लिहिली तेव्हा निदान व्हायचं होतं. आपल्याकडे घरोघरी रोजनिश्या आहेत, त्यांच्याकडे या नजरेने बघायला हरकत नाही.

वाचनाचंही बघ. दुसऱ्या प्रकारात, सासूबाईंच्या, इंग्रजी पेशंट आडवळणाच्या स्पेलिंगचे शब्द अक्षरशः वाचतात आणि चुकतात, हे निदानाच्या यादीतच आहे. देवनागरी बहुतेक लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, त्यामुळे ही खूण मराठीत शोधत बसलास तर सापडणार नाही आणि तू म्हणशील आजार नाही. पण अगदीच जागा नाही असंही नाही, चंद्रातला च आणि चांदण्यातला च वेगळा, जग आणि जगणं यातला ज वेगळा, हे लिपी सांगत नाही, शब्द ओळखीचा असेल तरच कळतं. मला वाटतं इथे काहीतरी हाती लागेल. ऱ्हस्व-दीर्घाच्या नादी मात्र लागू नको, त्यात आपल्याकडे प्राध्यापकही चुकतात.

रेकॉर्डिंग कसं करायचं? चित्राचं वर्णन करायला सांगतात, ठीक आहे, पण मी म्हणेन पुरणपोळी कशी करता ते विचार, किंवा पुरुष असतील तर शेतात ऊस कसा लावतात ते. त्यात क्रम असतो, क्रियापदं असतात, नामं असतात, आणि माणूस रमतो. माझ्यासमोर एक आजोबा पाच मिनिटं चित्राकडे बघत गप्प बसले होते, चित्र बाजूला ठेवून विहिरीवरच्या मोटेबद्दल विचारलं तर "ते… बैल… मागं, मागं सर… नाडा… सोड… पाणी" असं तुटक तुटक पण हाताने नाडा सोडून दाखवत पूर्ण सांगितलं. त्यातला कुठला शब्द किती वेळाने आला, थांबले ते नामाच्या आधी की क्रियापदाच्या, यात निम्मं निदान असतं. थांबणं मोजायला विसरू नको, आपण लिहून काढताना ते गाळतो.

परवानगी आधी, रेकॉर्डर नंतर. कॉलेजची किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजची नैतिक समिती असते, आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती वाच. आवाजावरून माणूस ओळखू येतो, नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. आणि ज्याला भाषाच समजत नाही त्याच्याकडून लेखी संमती कशी घेणार याचा आधीच विचार कर, चित्रं वापर, घरच्यांना बसव, आणि माणसाने हात झटकला तर ती नाही म्हणून धर.

पेशंट किती मिळतील याची काळजी करू नको. हा आजार दुर्मिळच आहे, लाखात तीन-चार असा अंदाज देतात. एकट्याने न्यूरॉलॉजी विभागाच्या दारात उभं राहू नको, स्पीच थेरपिस्टला जोडून घे, म्हैसूरचं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग आणि बांद्र्याचं अली यावर जंग इन्स्टिट्यूट इथले प्रबंध चाळ, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू नि मनाच्या आजारांच्या संस्थेत सुवर्णा अल्लाडी यांच्या टीमने भारतीय भाषांतल्या डिमेन्शियावर बरंच काम केलंय ते वाच. आणि मेसुलमकडे सहाच पेशंट होते, पिककडे एक.

प्रश्न (न्यू जर्सी) : बाबा आमच्याकडे राहतात. आयुष्यभर मुंबईत ऑफिसमध्ये इंग्रजी, बाहेर हिंदी, घरी मराठी. पीपीए सांगितलाय. आता इंग्रजी जवळजवळ गेलं, मराठीत अजून बोलतात. भाषा उलट्या क्रमाने जातात का? आणि अनेक भाषा येत असतील तर हा आजार उशिरा होतो म्हणतात, मग यांना का झाला?

उत्तर : नियम असा नाही. साधारण जी भाषा नंतर शिकली किंवा आता कमी वापरात आहे ती आधी अवघड जाते, पण बिघाड सगळ्याच भाषांत असतो, फक्त मराठीची गंगाजळी मोठी म्हणून ती जास्त पुरते. रिटायर झाल्यावर ऑफिस सुटलं, तिथलं इंग्रजीही सुटलं, हेही त्यात धरा.

अनेक भाषांचं जे ऐकलंत ते हैदराबादचं काम. अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ डिमेन्शिया पेशंट बघितले, दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि निरक्षरांतही तो फरक होता, म्हणजे नुसता शिक्षणाचा परिणाम नाही. लोक इथवरच वाचतात. त्याच टीमने २०१७ मध्ये फ्रंटोटेम्पोरल, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजवणारे, प्रकार वेगळे काढून बघितले तेव्हा वागणं बिघडवणाऱ्या प्रकारात उशीर दिसला, भाषा बिघडवणाऱ्या प्रकारात नाही. तेव्हा बाबांचं काही चुकलं नाही, आणि नातवंडांना घाईघाईने चौथी भाषा शिकवायचं कारण हे असू नये, दुसरी कारणं भरपूर आहेत.

तिकडे टेस्ट इंग्रजीत घेतली असेल तर मराठी दुभाषा मागा, हॉस्पिटलांतून मिळतो. नातवाला दुभाषा करू नका. नातू आजोबांचं मोडकं वाक्य प्रेमाने सरळ करून सांगतो आणि डॉक्टरांपर्यंत मोडलेलं काही पोचतच नाही.

प्रश्न (नाशिक) : हॉलिवूडचा नट ब्रूस विलिस, त्याला हेच झालंय का?

उत्तर : त्यांच्या घरच्यांनी मार्च २०२२ मध्ये अफेझिया सांगितला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असल्याचं जाहीर केलं. म्हणजे भाषेपासून सुरुवात होऊन पुढे नेमकं नाव मिळालं. असं बऱ्याच घरांत होतं, पहिल्या रिपोर्टवर एक नाव, वर्षाने दुसरं, त्यात आधीचे डॉक्टर चुकलेच असतील असं नाही. बाकी त्यांच्या तब्येतीच्या रोज येणाऱ्या बातम्या मी वाचत नाही.

प्रश्न (रत्नागिरी) : मिस्टर ६६ वर्षांचे. शब्द तोंडातून फुटत नाहीत, अडखळत, वेडेवाकडे उच्चार, वाक्य अर्धवट. पण पेपर वाचतात, मला खुणेने सगळं समजावतात. बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी यांना समजत नाही असं धरून माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. यावर औषध आहे का हो? आणि कागदपत्रांचं काय करू?

उत्तर : आजार थांबवणारं औषध नाही. कुणी इंजेक्शन, स्टेम सेल, तेल, काही हमखास म्हणून विकत असेल तर पैसे वाचवा.

स्पीच थेरपीने आजार थांबत नाही पण दिवस सोपे जातात. टेक्ससमध्ये माया हेन्री यांनी एक पद्धत बसवलीय, पेशंटला रोज लागतील अशा विषयांवर त्याच्याच बोलीतली छोटी स्क्रिप्ट लिहायची, एका माणसाचा ओठ दिसतील असा व्हिडिओ करायचा आणि पेशंटने त्याच्याबरोबर म्हणायचं, पुन्हा पुन्हा. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की सराव केलेलं बोलणं सुधारतं आणि बरेच महिने टिकतं. हे रत्नागिरीतही करता येईल, मोबाईल आहे, मुलगी आहे. "मला थोडा वेळ द्या, समजतंय मला, बोलायला वेळ लागतो" ही पहिली स्क्रिप्ट. तेच वाक्य कार्डावर छापून खिशातही ठेवा, बँकेतल्या साहेबांसाठी. शिकागोमधून व्हिडिओ कॉलवर थेरपी देण्याचेही अभ्यास झालेत, त्यामुळे जवळ थेरपिस्ट नसेल तर ऑनलाइन घ्यायला लाजू नका, आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे ना तेवढं विचारा.

पुढे चालण्यात कडकपणा, तोल जाणं, घास अडकणं असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना सांगा, या प्रकारात ते येऊ शकतं.

कागदपत्रं आत्ताच. मुखत्यारपत्र केलं म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण आपल्या कायद्यात माणसाची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा उपयोगाचं नाही. खाती दोघांच्या नावाने, दोघांपैकी कुणीही चालवेल अशी करून घ्या, नॉमिनी बघा, आणि मृत्युपत्र करायचं असेल तर यांना समजतंय असं न्यूरॉलॉजिस्टचं सर्टिफिकेट त्याच आठवड्यातलं जोडा, वाचून दाखवताना नि यांनी मान डोलावताना, पर्यायांवर बोट ठेवताना व्हिडिओ करा. वकिलांना आधीच सांगा की बोलता येत नाही पण समजतं, हे दोन वेगळे विषय आहेत हे वकिलांनाही कधी कधी सांगावं लागतं.

प्रश्न (नागपूर) : आईला हा आजार होता, मागच्या वर्षी गेली. आम्हा भावंडांनाही होईल का? आणि संशोधनासाठी मेंदू देता येतो का?

उत्तर : आईबद्दल वाईट वाटलं.

बहुतेक घरांत हा आजार एकालाच होतो, अनुवंशिक नसतो. काही घरांत मात्र जनुकातला दोष असतो, प्रोग्रॅन्युलिन, टाऊ आणि सी-९-ऑर्फ-७२ ही मुख्य तीन. आजोळी कुणाला कमी वयात डिमेन्शिया, विचित्र वागणं, पार्किन्सनसारखं काही किंवा हातापायांची ताकद जाणारा एएलएस झाला होता का ते मामा-मावशींकडून काढा. नसेल तर निवांत राहा. असेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, टेस्ट त्यानंतर, कारण उत्तर आलं की ते परत देता येत नाही, आणि ते उत्तर तुमच्या मुलांचंही असतं.

मेंदू देता येतो. निम्हान्समध्ये १९९५ पासून ब्रेन बँक आहे. या आजारात नेमकं कोणतं प्रथिन साचलं होतं हे अजूनही बऱ्याचदा मृत्यूनंतर मेंदू तपासूनच ठरतं, सासूबाईंच्या प्रकारात बहुतेक वेळा सापडणारं टीडीपी-४३ हे प्रथिन २००६ मध्ये असंच दान मिळालेल्या मेंदूंतून ओळखलं गेलं. मृत्यूनंतर हातात थोडेच तास असतात आणि नागपूरहून बंगळुरू लांब आहे, त्यामुळे घरात कुणाची तशी इच्छा असेल तर तिथे आधीच फोन करून तुमच्या गावाहून ते कसं जमेल, जमेल का, हे विचारून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दुःखाच्या दिवशी एका काकांनी नाही म्हटलं की सगळं तिथेच थांबतं.